बिजागरी वाटीशी, जोर मांडीत

कबड्डीचा हंगाम सुरू झाला की आमच्या फिजिओथेरपीच्या खोलीत एखादा तरी मुलगा असा येतोच. गेल्या महिन्यात आलेला एकोणीस वर्षांचा होता. पकडीतून निसटताना पाय मॅटवर रुतला, धड गर्रकन फिरलं आणि गुडघ्यात ‘कट्’ असा आवाज झाला. एमआरआयमध्ये गुडघ्यातलं एसीएल नावाचं लिगामेंट पूर्ण तुटल्याचं निघालं. पायाला नवाकोरा ब्रेस होता, पण त्याची बिजागरी घसरून नडगीवर आली होती. वडिलांनी बसायच्या आधीच विचारलं, “मॅडम, हा लावून पुढच्या महिन्यात खेळला तर चालेल ना?”

चालणार नाही, हे त्यांना सांगितलं. पण ब्रेसकडून त्यांची एवढी अपेक्षा का होती, तेही मला कळत होतं. पट्टे आवळले की पायाला धीर येतो, आणि दुखऱ्या पायाला तो हवाच असतो. मात्र कुठलं लिगामेंट दुखावलंय, त्यावर ब्रेसचा खरा उपयोग ठरतो.

गुडघ्याच्या आतल्या बाजूला एमसीएल नावाचं लिगामेंट असतं. त्याला रक्तपुरवठा चांगला असल्यामुळे ते एकटंच दुखावलं असेल, तर बहुतेक वेळा शस्त्रक्रियेशिवाय भरून येतं. दोन्ही बाजूंना बिजागरी असलेला ब्रेस गुडघा आडवा वाकू देत नाही, सरळ-दुमड मात्र होऊ देतो. इथे ब्रेसचे पैसे वसूल होतात. एसीएलचं तसं नाही. ते सांध्याच्या पोटात, सांध्यातल्या द्रवात असतं. तिथे रक्ताची गुठळी धरून राहत नाही, त्यामुळे तुटलेली टोकं सहसा जुळत नाहीत. शिवाय ब्रेस बांधला जातो तो कातडीवर आणि मांसावर. हाडाला त्याची थेट पकड मिळत नाही. सावकाश चालताना तो आधार देतो, पण पूर्ण वेगात पाय रोवून वळताना नडगी पुढे सरकली, तर तिला थोपवण्याएवढा जोर त्याच्यात नसतो.

एसीएलची शस्त्रक्रिया झाल्यावर काही सर्जन मांडीपासून पोटरीपर्यंतचा लांब ब्रेस देतात, काही देत नाहीत. शेजारच्या पेशंटला दिला आणि आपल्याला नाही, म्हणून घाबरायचं कारण नाही. फक्त एसीएल बसवलेल्या सर्वांना सरसकट ब्रेस दिल्याने गुडघा अधिक घट्ट होतो, असं संशोधनात दिसलेलं नाही. सोबत गादीला, म्हणजे मेनिस्कसला टाके घातले असतील किंवा एकाहून जास्त लिगामेंटं बसवली असतील, तर गोष्ट वेगळी. अशा वेळी गुडघा किती अंश दुमडायचा ते कागदावर ‘0 ते 90’ असं काही लिहिलेलं असतं. ब्रेसच्या चकतीवरचा तो आकडा घरी कुणी मनाने बदलू नये.

ऑस्ट्रेलियात सिडनीच्या डॉक्टर क्रॉस यांनी मात्र शस्त्रक्रियेशिवाय वेगळी वाट धरली. एसीएल तुटल्याबरोबर गुडघा 90 अंशांत दुमडून चार आठवडे ब्रेसमध्ये ठेवायचा, मग हळूहळू उघडत न्यायचा आणि बाराव्या आठवड्यानंतर ब्रेस काढायचा. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 80 रुग्णांच्या अभ्यासात तीन महिन्यांनंतरच्या एमआरआयवर 90 टक्क्यांमध्ये लिगामेंट जुळत असल्याची चिन्हं दिसली. मला हे फार आशादायक वाटतं. पण तुलनेसाठी दुसरा गट त्यात नव्हता, आणि पाय असा अडकवल्यावर पोटरीत रक्त गोठण्याचा धोका असतो. घरी करून बघण्याचा हा उपाय नाही.

त्या मुलाला पाय सरळ करून बसवलं. आत सुती पायमोजा चढवला, ब्रेस वर ओढून बिजागरी गुडघ्याच्या वाटीच्या बरोबरीला आणली आणि पट्टे एकेक करून लावले. पट्टा आणि कातडी यांत बोट जेमतेम शिरायला हवं. वडिलांना दोन गोष्टी बजावून सांगितल्या. पावलाला मुंग्या आल्या किंवा पाऊल वर उचलेना, तर पट्टे लगेच सैल करून फोन करा, कारण गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूने जाणारी नस दाबली गेलेली असू शकते. पोटरी सुजून दुखायला लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

मग ब्रेस काढून टेपने मांड्या मोजल्या. दुखऱ्या बाजूची मांडी तीन सेंटिमीटर कमी भरली. गुडघ्यात सूज असली की मांडीचा पुढचा स्नायू जणू झोपी जातो आणि झपाट्याने वाळतो. खेळाडूला मैदानावर परत नेतो तो हाच स्नायू. 2016 मधल्या नॉर्वेतल्या एका अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांपर्यंत खेळ लांबवलेल्या प्रत्येक महिन्यामागे पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण जवळपास निम्म्याने घटलेलं दिसलं. वडिलांना हा आकडा सांगितला तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले.

“आज काय करायचं तेवढं सांगा,” मुलगाच म्हणाला.

गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली. “हिला खाली दाब बाळा, दहापर्यंत मोज.” पहिल्या तीन वेळा मांडी नुसतीच थरथरली. चौथ्या वेळी वाटी वर सरकली. वडील खाली वाकून तिच्याकडे बघत होते.