दोष जिद्दीच्या माथी मारू नका

कोपरखैरण्यात मी अभ्यासिका चालवते. एमपीएससी, पोलीस भरती, बँकेच्या परीक्षा देणारी मुलंमुली इथे सकाळपासून बसतात. घरात अभ्यासाला कोपरा मिळत नाही, म्हणून पदरमोड करून फी भरतात. अशा मुलांना आळशी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तरीही रात्री दप्तर आवरताना कुणी ना कुणी म्हणतंच, "मॅडम, आजचा दिवस मोबाइलनं खाल्ला. माझ्यातच जिद्द कमी आहे."

यातलं दुसरं वाक्य मला मुळीच पटत नाही.

काय घडतं ते मी रोज बघते. मुलगा टेलिग्रामवर चालू घडामोडींचे प्रश्न सोडवायला फोन उचलतो. शेजारी इन्स्टाग्रामवर लाल ठिपका दिसतो. एक रील बघून होते, अंगठा सरकतो. दोन-तीन रटाळ जातात, मग एक हसवणारी येते, पुन्हा रटाळ, आणि मध्येच कुणाची तरी निवड झाल्याची, गुलालात माखलेली मिरवणूक. पुढच्या खेपेला काय हाती लागेल याचा नेम नसतो, आणि म्हणूनच अंगठा थांबत नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवरच्या प्रयोगांत हेच दाखवलं होतं. किती वेळा टोचल्यावर दाणा मिळेल हे अनिश्चित ठेवलं, की कबूतर चिवटपणे टोचत राहतं. जुगाराची यंत्रं याच तत्त्वावर चालतात.

त्यात भर पडली ती न संपणाऱ्या पानाची. पूर्वी वेबसाइटवर तळाशी पोचलं की 'पुढील पान' दाबावं लागे. तेवढ्या क्षणात 'आता पुरे' असं मनात येऊ शके. 2006 साली एझा रास्किन या अमेरिकी डिझाइनरनं आपोआप लांबत जाणारं पान तयार केलं आणि तो क्षणच गेला. पुढे रास्किन यांनी त्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. पण जाहिरातींवर चालणाऱ्या कंपन्यांचं गणित सरळ आहे: माणूस जितका वेळ खिळून राहील, तितक्या जाहिराती त्याच्यापुढे येतील.

आपल्याकडे हे घरोघर पोचलं ते स्वस्त डेटामुळे. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ सुरू झालं.  जून 2020 मध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामनं भारतात रील्स आणल्या.

यावर फोन फेकून देणं हा उपाय नव्हे; मुलांची निम्मी लेक्चर्स यूट्यूबवरच असतात. पण 'आता पुरे' म्हणू देणारा तो गेलेला थांबा परत बसवता येतो. यूट्यूबच्या सेटिंगमध्ये बघितलेल्या व्हिडिओंची नोंद पुसून बंद केली, की मुख्य पानावरच्या शिफारशी थांबतात. हवं ते शोधून बघावं लागतं. ऑटोप्ले बंद करावा. माणसांचे फोन आणि मेसेज सोडून बाकी नोटिफिकेशन बंद ठेवावीत. पडदा कृष्णधवल केला की लाल ठिपक्याची ओढ कमी होते. गजराला साधं घड्याळ घ्यावं, म्हणजे फोन उशाशी लागत नाही.

एकट्यानं हे टिकवणं मात्र अवघड जातं. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं 2022 मध्ये ते मिळून केलं. संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजतो आणि टीव्ही, मोबाइल दीड तास बंद होतात. सुरुवातीला आशा आणि अंगणवाडी सेविका घरोघरी समजावत फिरल्या. आमच्याकडेही संध्याकाळी सगळ्यांचे फोन एकाच कपाटात जातात, माझाही. शेजारच्याच्या हातात फोन नसला की आपलाही हात शिवशिवत नाही.

30 नोव्हेंबर 2023 रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या 13 रचनांना मनाई केली. छुपे आकार, सुटता न येणारी वर्गणी यांना त्यात चाप बसला. न संपणारं पान त्या यादीत नाही. आपला पैसा लुबाडणारी रचना गैर ठरते, तर वीस-बावीस वर्षांच्या मुलांचे तास लुबाडणारीही गैर ठरायला हवी. ही मागणी पालकांनी आणि शिक्षकांनी लावून धरली पाहिजे. आणि तोवर निदान मुलांना 'तुझ्यात जिद्द नाही' असं ऐकवू तरी नये.