दादा कोंडके : वगाच्या बोर्डावरून रुपेरी पडद्यावर

दादा कोंडके यांचा जन्म ८ ऑगस्ट १९३२ रोजी मुंबईतल्या नायगावात, गिरणी कामगाराच्या घरात झाला. नाव कृष्णा. कोंडके कुटुंब मूळचे भोर तालुक्यातल्या इंगवलीचे. भोरहून वरंधा घाट उतरला की महाड लागते, आणि पुढे त्याच मुलखात माणगाव, रोहा, पेण ही गावे येतात. घाटावरून आणि घाटाखालून पोटासाठी निघालेली माणसे परळ, लालबाग, नायगावच्या चाळींत एकाच खोलीत राहत आणि एकाच पाळीला गिरणीत जात. दादांचा पहिला प्रेक्षक हाच होता. गणपतीला आणि शिमग्याला तो गावी जाई आणि मुंबईत पाहिलेल्या खेळाची चर्चा सोबत घेऊन जाई.

दादांना अभिनयाचे रीतसर शिक्षण मिळाले नाही. लहानपणी चाळीतल्या उनाडक्या, मग बँडपथक, ‘अपना बाजार’मधली नोकरी आणि राष्ट्र सेवा दलाचे कलापथक, एवढीच त्यांची शाळा. कलापथकात निळू फुले आणि राम नगरकर यांच्यासारखे सहकारी होते. प्रबोधनासाठी उभ्या राहिलेल्या या पथकांनी तमाशाचा घाट उचलला होता. गण, गवळण, बतावणी आणि वग या क्रमात बतावणीची जागा मोकळी असते. तिथे नट आदल्या दिवशीच्या बातमीवरही बोलू शकतो. दादांची हजरजबाबी वृत्ती या जागेत घडली. पुढे स्वतःचे पथक काढून त्यांनी ‘खणखणपूरचा राजा’ रंगवला.

१९६५मध्ये वसंत सबनीस यांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ रंगभूमीवर आले आणि दादांचे आयुष्य बदलले. सबनीसांनी आधी ‘छपरी पलंगाचा वग’ या नावाने लिहिलेल्या या लोकनाट्यात राजा, प्रधान, कोतवाल आणि हवालदार यांच्या कारभाराची टर उडवली आहे. दादा हवालदार झाले. लिहिलेल्या संहितेत ते रोज नवे भरत. चालू राजकारण, समोर बसलेला पुढारी, त्या गावचा रस्ता, सगळे त्यात येई. प्रयोगांची संख्या दीड हजारांच्या पुढे गेली. हिंदीत हेच नाटक ‘सैंया भये कोतवाल’ म्हणून गाजले. दादांच्या पुढच्या सगळ्या कामाची बीजे या हवालदारात सापडतात. तो हाताखालचा माणूस आहे, भोळा दिसतो, आणि भोळेपणाच्या आडून वरच्यांचे पितळ उघडे पाडतो.

हे लोकनाट्य पाहून आशा भोसले यांनी भालजी पेंढारकरांकडे दादांचे नाव काढले. भालजींच्या ‘तांबडी माती’तून (१९६९) दादा पडद्यावर आले. दोनच वर्षांनी, १९७१मध्ये, ते स्वतः निर्माते झाले. ‘सोंगाड्या’ची कथा सबनीसांची, दिग्दर्शन गोविंद कुलकर्णी यांचे, संगीत राम कदम यांचे. आईच्या शब्दाबाहेर नसलेला नाम्या तमाशा पाहायला जातो, त्यात ओढला जातो आणि घराला मुकतो, एवढीच गोष्ट. मुंबईत दादरच्या ‘कोहिनूर’मध्ये देव आनंदच्या ‘तेरे मेरे सपने’पुढे या चित्रपटाला जागा मिळेना. तेव्हा बाळासाहेब ठाकरे यांची शिवसेना पाठीशी उभी राहिली. चित्रपट लागला आणि उतरेनासा झाला.

ढगळ अर्धी चड्डी, तिची लोंबती नाडी, अडखळत पडणारी पावले आणि ‘आये’ अशी हाक, ही दादांची ओळख इथे पक्की झाली. उषा चव्हाण नायिका, रत्नमाला आई, महेंद्र कपूर यांचा गाता आवाज आणि जोडीला उषा मंगेशकर, असा संच पुढे जमला आणि वर्षानुवर्षे टिकला. भाषा मावळातली, घाटी हेलाची. पेणच्या आगरी बोलीपेक्षा ती वेगळी असली तरी आये, शेत, बैल आणि गावचा पाटील यांचे जग घाटाखालच्यांनाही ओळखीचे होते. शहरी समीक्षकांनी या भाषेला ग्राम्य म्हटले. खरे तर मराठी बोलपट गावाकडची बोली याआधीही ऐकवत होता. दादांनी ती विनोदी नायकाच्या तोंडी दिली आणि नायकपद तिच्या हवाली केले.

‘एकटा जीव सदाशिव’ (१९७२) आणि ‘आंधळा मारतो डोळा’ (१९७३) यांच्यानंतर ‘पांडू हवालदार’ने (१९७५) दादा दिग्दर्शक झाले. त्यांच्या कारकिर्दीतला हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा. बोर्डावरचा हवालदार आता मुंबईच्या रस्त्यावर उभा राहिला. त्याच्या शेजारी अशोक सराफ यांचा लाचखाऊ सहकारी ठेवल्यामुळे विनोदाला टोक आले. सराफांच्या कारकिर्दीला इथेच वळण मिळाले. संगीतकार जोडी राम-लक्ष्मण यांनाही दादांनी याच चित्रपटातून पुढे आणले. जोडीतल्या विजय पाटलांनी त्याच नावाने पुढे ‘मैंने प्यार किया’ला संगीत दिले. ‘पांडू’ हे नाव तर पोलिसासाठी बोलीत रूढ झाले.

‘तुमचं आमचं जमलं’ (१९७६), ‘राम राम गंगाराम’ (१९७७), ‘बोट लावीन तिथं गुदगुल्या’ (१९७८), ‘ह्योच नवरा पाहिजे’ (१९८०) आणि ‘आली अंगावर’ (१९८२) यांनी ही मालिका पुरी केली. ‘सोंगाड्या’पासून सलग नऊ चित्रपटांचा रौप्यमहोत्सव झाला आणि गिनीज बुकात त्याची नोंद झाली.

द्व्यर्थी संवादांवरून सेन्सॉर बोर्डाशी दादांचे कायम खटके उडत. वाक्याचा सरळ अर्थ निष्पाप आहे, दुसरा ऐकणाऱ्याच्या मनात आहे, हा त्यांचा बचाव असे. बतावणीत ही रीत जुनी आहे, त्यामुळे बचाव पोकळ नव्हता. मात्र सुरुवातीच्या चित्रपटांत द्व्यर्थ पात्राच्या भोळेपणातून येतो, नंतरच्या काळात तो शीर्षकापासूनच चिकटवल्यासारखा वाटतो. कथा विरळ झाली, सबनीसांसारख्या लेखकाची उणीव जाणवू लागली. १९८२च्या जानेवारीत गिरणी संप सुरू झाला आणि दादांचा मूळचा प्रेक्षकच विखुरला. पाठोपाठ घरोघरी दूरदर्शन आणि व्हिडिओ आले. ‘तेरे मेरे बीच में’ (१९८४) आणि ‘अंधेरी रात में दिया तेरे हाथ में’ (१९८६) या हिंदी चित्रपटांनी गल्ला जमवला, पण हिंदीत त्या बोलीचा कस उतरला नाही. मराठीत ‘पळवा पळवी’ (१९९०) आणि ‘येऊ का घरात’ (१९९२) आले, तोवर महेश कोठारे आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांचा नवा विनोद स्थिरावला होता.

दादांचे निधन १४ मार्च १९९८ रोजी मुंबईत झाले. अनिता पाध्ये यांनी शब्दांकित केलेल्या ‘एकटा जीव’ या आत्मकथनात त्यांच्या आयुष्याची एकाकी बाजू मोकळेपणाने आली आहे. त्यांची थोरवी ठरवायची तर ‘विच्छा’, ‘सोंगाड्या’ आणि ‘पांडू हवालदार’ या तीन कृतींवरून ठरवावी. लोकनाट्यातला सोंगाड्या चित्रपटाचा नायक होऊ शकतो, हे या तिन्हींनी सिद्ध केले, आणि मराठीत ते काम दादांइतके कोणी केलेले नाही.