उत्तरानंतरचा प्रश्न

तमिळनाडूत कावेरीच्या काठी वसलेले कुंभकोणम हे मंदिरांचे गाव म्हणून प्रसिद्ध आहे. तंजावर येथून जवळच असल्याने आणि तेथे भोसले घराण्याचे राज्य दीर्घकाळ नांदल्याने हा मुलूख मराठी वाचकास अगदीच परका नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या गावास विद्येचाही लौकिक लाभला. १८५४ साली शाळेच्या रूपाने सुरू झालेल्या आणि पुढे महाविद्यालय बनलेल्या येथील सरकारी संस्थेस ‘दक्षिण भारताचे केंब्रिज’ म्हटले जाई. १८६४ साली स्थापन झालेले टाउन हायस्कूलही असेच नावाजलेले होते. याच हायस्कुलात १८९८ ते १९०४ या काळात कापडाच्या दुकानातील एका कारकुनाचा मुलगा शिकत होता. त्याचे नाव श्रीनिवास रामानुजन.

विद्यार्थ्यांना प्रश्न सोडविण्यास आणि चिकित्सक बुद्धीने विचार करण्यास कसे शिकवावे, याची चर्चा करताना रामानुजनचे उदाहरण घ्यावे काय, असा आक्षेप कोणी घेईल. असामान्य प्रतिभेचा माणूस हा सामान्य वर्गाचा आदर्श होऊ शकत नाही, हे खरेच आहे. परंतु त्याच्यासारखे गणिती घडविण्याची कृती सांगण्याचा येथे हेतू नाही. त्याच्या शिक्षणाची हकीकत पुष्कळ तपशिलाने नोंदली गेली आहे. शाळेने त्याला काय दिले, काय दिले नाही आणि जे मिळाले नाही त्याची किंमत काय पडली, हे त्या हकीकतीत वेगवेगळे करून पाहता येते. आपल्या चर्चेला तेवढे पुरेसे आहे.

शून्याला शून्याने भागले तर

रामानुजनच्या शाळकरी वयातील एक आठवण नेहमी सांगितली जाते. कोणत्याही संख्येस त्याच संख्येने भागले असता उत्तर एक येते, असे शिक्षक वर्गात सांगत होते. तीन फळे तिघांना वाटली तर प्रत्येकाला एक मिळते, हे त्यांचे उदाहरण. तेव्हा या मुलाने विचारले, की शून्य फळे शून्य जणांना वाटली तरीही प्रत्येकास एक मिळेल काय?

या प्रश्नाचे मोल काय ते पाहू. मुलाने नियम नाकारलेला नाही, त्याची हद्द विचारली आहे. ‘कोणत्याही संख्येस’ असे म्हटले, तर त्यात शून्यही आले. मग तेथे नियम लागू पडतो काय? चिकित्सक विचाराचा आरंभ असाच होतो. ऐकलेले विधान खरे मानून चालावे, परंतु ते कोठे मोडेल याचा शोध घ्यावा.

अशा वेळी शिक्षकापुढे तीन मार्ग असतात. ‘मध्ये बोलू नकोस’ असे म्हणून मुलाला खाली बसविणे हा पहिला. ‘शून्याने भागता येत नाही’ असा दुसरा नियम सांगून मोकळे होणे हा दुसरा. तिसऱ्या मार्गात शिक्षक संपूर्ण वर्गाला भागाकाराच्या अर्थापर्यंत मागे नेतो. सहाला तीनने भागले की दोन येतात, कारण दोन गुणिले तीन म्हणजे सहा. आता पाचाला शून्याने भागायचे असेल, तर शून्याने गुणल्यावर पाच होईल अशी संख्या शोधावी लागेल. तशी संख्याच नाही. शून्याला शून्याने भागायचे असेल, तर शून्याने गुणल्यावर शून्य होईल अशी संख्या हवी. तशा तर सगळ्याच संख्या आहेत. एका ठिकाणी उत्तर नाही आणि दुसऱ्या ठिकाणी उत्तरांना अंत नाही. दोन्हीकडे एक निश्चित उत्तर मिळत नाही, म्हणून शून्याने भागण्यास मनाई. दहा मिनिटांत होणाऱ्या या विवेचनानंतर जो नियम हुकूम वाटत होता, त्यामागील कारण मुलांच्या हाती येते.

विश्वासाने सोपविलेले काम

प्रश्न सोडविण्याची शक्ती वेगळ्या रीतीने वाढते. ती वाढण्यासाठी खऱ्या अडचणीचे काम हाती यावे लागते. टाउन हायस्कुलातील गणिताचे ज्येष्ठ शिक्षक गणपती सुब्बय्यर यांनी शाळेचे वेळापत्रक तयार करण्याचे काम रामानुजनवर सोपविले होते, असे चरित्रकार सांगतात. शाळेत सुमारे १२०० विद्यार्थी आणि ३५ शिक्षक होते. एका तासाला एक शिक्षक दोन वर्गांवर असता कामा नये, एकही वर्ग शिक्षकाविना राहू नये आणि प्रत्येक विषयास ठरलेले तास मिळावेत, या अटी एकाच वेळी पाळायच्या. एक तास हलविला की दुसरीकडे तिढा पडतो, हे ज्यांनी वेळापत्रक केले आहे त्यांना ठाऊक असते. पाठ्यपुस्तकातील उदाहरणात लागणारी सर्व माहिती दिलेली असते आणि रीत प्रकरणाच्या शीर्षकावरूनच कळते. येथे कोणती अट आधी धरावी हेही स्वतःच ठरवावे लागते.

१९०३ साली रामानुजनच्या हाती जॉर्ज शूब्रिज कार या इंग्रज शिक्षकाने रचलेला गणिताचा संग्रहग्रंथ आला. परीक्षार्थींसाठी केलेल्या या ग्रंथात हजारो सूत्रे आणि प्रमेये ओळीने दिलेली आहेत. सिद्धता मात्र बहुतेक ठिकाणी नाहीत, असल्या तर एक-दोन शब्दांच्या सूचनेपुरत्या. त्यामुळे प्रत्येक ओळ वाचकाला आव्हान ठरते. रामानुजनने ते स्वीकारले आणि एकेक निष्कर्ष आपल्या रीतीने मिळवीत तो ग्रंथाच्याही पुढे गेला. यावरून एक तत्त्व ध्यानात येते. शिक्षकाने सर्व पायऱ्या फळ्यावर लिहून दिल्या, तर विद्यार्थ्याला चढण्यास काही उरत नाही. थोडी जागा मोकळी सोडावी लागते.

परंतु याच ग्रंथाने एक उणीवही मागे ठेवली. निष्कर्षांनी भरलेल्या पुस्तकावर ज्याचा पिंड पोसला, त्याला निष्कर्ष हाच गणिताचा शेवट वाटू लागला. त्याच्या वह्यांतही तशीच सूत्रे एकाखाली एक उतरली. ती खरी का, हे लिहिण्याची सवय त्याला कोणी लावली नाही. परीक्षांनाही त्याचे सोयरसुतक नव्हते. शाळा सोडताना १९०४ साली त्याला गणिताचे रंगनाथ राव पारितोषिक मिळाले. त्यानंतर तो गावातील सरकारी महाविद्यालयात शिष्यवृत्तीवर दाखल झाला, परंतु गणितावाचून इतर विषयांकडे लक्ष न दिल्याने ती शिष्यवृत्ती गेली. पुढे मद्रासच्या पचय्यप्पा महाविद्यालयातून १९०६ व १९०७ साली एफ. ए. परीक्षेस बसून दोन्ही वेळा तो अनुत्तीर्ण झाला. परीक्षा पाठांतर मोजत होती. प्रश्न सोडविण्याचे त्याचे सामर्थ्य तिला दिसले नाही आणि सिद्धतेच्या बाबतीतला त्याचा कच्चेपणाही दिसला नाही.

टिंबांमध्ये काय दडले आहे

१९०७ साली स्थापन झालेल्या भारतीय गणित संस्थेच्या नियतकालिकात वाचकांसाठी प्रश्न छापीत असत. १९११ साली त्यात रामानुजनचा एक प्रश्न प्रसिद्ध झाला. पुढील राशीची किंमत काढावयाची होती :

√(१ + २√(१ + ३√(१ + ४√(१ + …))))

सहा महिने वाट पाहूनही कोणाकडून उत्तर आले नाही, तेव्हा रामानुजननेच ते दिले. उत्तर आहे ३. त्याची युक्ती माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यास सहज समजेल. ३ म्हणजे ९ चे वर्गमूळ आणि ९ = १ + २ × ४. त्यातील ४ म्हणजे १६ चे वर्गमूळ आणि १६ = १ + ३ × ५. त्यातील ५ म्हणजे २५ चे वर्गमूळ आणि २५ = १ + ४ × ६. असे करीत गेले की हवी ती राशी आपोआप उलगडत जाते.

बहुतेक वर्गांत येथे टाळ्या पडतील आणि तास संपेल. परंतु चिकित्सक विचाराचे काम येथूनच सुरू होते. शिक्षकाने विचारावे : हीच युक्ती वापरून उत्तर ४ आहे असे दाखविता येईल काय? ४ म्हणजे १६ चे वर्गमूळ; १६ = १ + २ × ७.५. ७.५ चा वर्ग ५६.२५, तो १ + ३ × १८.४१… असा लिहिता येतो. याही क्रमाला शेवट नाही आणि बाहेरून राशी तशीच दिसते. मग उत्तर ३ की ४? की कोणतीही संख्या चालेल?

फरक त्या टिंबांमध्ये दडलेला आहे. टिंबे देताना आपण आत उरलेली संख्या नजरेआड करतो. पहिल्या मांडणीत उरणाऱ्या संख्या ४, ५, ६ अशा सावकाश वाढतात. दुसऱ्या मांडणीत ७.५, १८.४, ८४.५ अशा झपाट्याने फुगतात. खरी किंमत पाहायची तर राशी एकेका पायरीवर तोडून हिशेब करावा. तसे केल्यास अनुक्रमे सुमारे १.७३, २.२४, २.५६, २.७६, २.८७ अशा संख्या मिळतात. त्या वाढत ३ च्या निकट जातात, ४ कडे नव्हे. म्हणजे रामानुजनचे उत्तर बरोबर होते; त्याची मांडणी मात्र अपुरी होती. अशा राशींना निश्चित किंमत केव्हा असते, याची काटेकोर कसोटी पुढे टी. विजयराघवन या भारतीय गणितज्ञाने दिली.

रामानुजनची उत्तरे पुष्कळदा बरोबर असत, म्हणून या उणिवेने बिघडले काय, असे कोणी म्हणेल. १९१३ साली त्याने केंब्रिजच्या जी. एच. हार्डी यांना पत्रे लिहिली. त्यांतील अनेक सूत्रांनी हार्डी थक्क झाले. परंतु मूळ संख्यांविषयी त्याने केलेले काही दावे चुकीचे होते. अंतःप्रेरणा तेथे फसली आणि फसल्याचे दाखवून देणारे साधन त्याच्यापाशी नव्हते. १९१४ ते १९१९ या इंग्लंडमधील वास्तव्यात हार्डी व लिटलवुड यांनी त्याला सिद्धतेची शिस्त दाखविली. १९२० साली, अवघ्या ३२ व्या वर्षी तो मरण पावला. जे सोळाव्या वर्षी कुंभकोणमच्या वर्गात मिळावयास हवे होते, ते त्याला सत्ताविसाव्या वर्षी समुद्रापार मिळाले.

वर्गात हे कसे घडवावे

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. प्रश्न सोडविणे आणि उत्तर पारखणे या दोन निरनिराळ्या शक्ती आहेत. एक आली म्हणून दुसरी आपोआप येत नाही. वर्गात दोहोंना जागा द्यावी लागते आणि त्यासाठी मोठी साधने लागत नाहीत. नाशिकजवळच्या देवळालीत आयुष्यभर शाळामास्तरकी केलेले द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांचा एक शोध येथे उपयोगी पडेल.

विद्यार्थ्यांना चार अंकी संख्या घेण्यास सांगावे. तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने लिहून मोठीतून लहान वजा करावी आणि येईल त्या संख्येवर हेच पुन्हा करावे. ३५२४ घेतल्यास ५४३२ – २३४५ = ३०८७, मग ८७३० – ०३७८ = ८३५२, मग ८५३२ – २३५८ = ६१७४. यापुढे ६१७४ च येत राहते. प्रत्येकाने वेगळी संख्या घेतलेली असूनही बहुतेकांच्या वहीत ६१७४ अवतरते, तेव्हा वर्गात आश्चर्याची लाट उठते.

आता मुलांनीच विधान करावे : ‘प्रत्येक चार अंकी संख्येवरून ६१७४ मिळते.’ नंतर ते मोडण्याचा प्रयत्न करावा. कोणी २२२२ घेईल. उत्तर शून्य येईल. मग विधानात ‘सर्व अंक सारखे नसलेल्या’ ही अट घालावी. कोणी १००० घेईल. पहिल्या वजाबाकीत ९९९ येतील आणि पुढे शून्य. परंतु तीच संख्या ०९९९ अशी चार अंकी मानली, तर काही पायऱ्यांनी ६१७४ मिळते. म्हणजे पुढचे शून्य राखायचे, हीही अट विधानात हवी. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा : आपण चाळीस संख्या तपासल्या, मग उरलेल्या हजारोंचे काय? थोडे बीजगणित केल्यास दिसते, की पहिली वजाबाकी केवळ दोन फरकांवर अवलंबून असते : सर्वांत मोठा व सर्वांत लहान अंक यांतील फरक आणि मधल्या दोन अंकांतील फरक. अशा फरकांच्या जोड्या फक्त ५४ आहेत. त्या वर्गात वाटून दिल्या, तर एका तासात संपूर्ण सिद्धता मुलांच्याच हातून पुरी होते.

हंगेरीत जन्मलेले गणितज्ञ जॉर्ज पोल्या यांनी १९४५ साली प्रश्न सोडविण्याच्या चार पायऱ्या सांगितल्या : प्रश्न समजून घेणे, योजना आखणे, ती पार पाडणे आणि मागे वळून पाहणे. आपल्या वर्गांत पहिल्या तीन कशाबशा होतात. चौथीपर्यंत पोहोचण्याआधी घंटा वाजते. शिक्षकाने दहा उदाहरणांऐवजी सात घ्यावीत आणि उरलेला वेळ त्या चौथ्या पायरीस द्यावा. चुकलेल्या उत्तराला लगेच काट मारण्याऐवजी ते कोठे चुकले हे मुलांनाच शोधू द्यावे. आणि वर्षातून काही प्रश्न तरी असे विचारावेत, ज्यांत उत्तर दिलेलेच असेल आणि गुण केवळ कारणांना असतील.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने चिकित्सक विचारास शिक्षणाच्या उद्दिष्टांत स्थान दिले आहे. परंतु उद्दिष्ट कागदावर आल्याने वर्ग बदलत नाही. ‘शून्याला शून्याने भागले तर?’ असे विचारणारे मूल आजही कोणत्या तरी बाकावर बसलेले असते. त्या क्षणी शिक्षक त्याला खाली बसवितो, की फळ्याकडे वळून ‘चला, पाहू या’ म्हणतो, यावर पुष्कळ काही ठरते.