मोड आले, पण जरा जपून!

जिम लावलीय? मग डब्यात मोड आलेले मूग-मटकी असणारच. वर कांदा, लिंबू, चाट मसाला. कच्चं तेवढं हेल्दी, असं प्रत्येक रील सांगतंच. पण पुढचा चमचा तोंडात घालण्याआधी एक गोष्ट वाचा.

मे २०११. उत्तर जर्मनीत लोकांना अचानक रक्ताचे जुलाब सुरू झाले. शेकडो जणांच्या किडन्यांवर परिणाम झाला. कारण होतं ई. कोलाय या बॅक्टेरियाचा एक घातक प्रकार. पेशंटना विचारलं, काय खाल्लं होतंत? उत्तर आलं, काकडी, टोमॅटो, सॅलड. हॅम्बर्गच्या अधिकाऱ्यांनी स्पेनच्या काकड्यांकडे बोट दाखवलं. झालं! काकड्या कचऱ्यात गेल्या, शेतकरी हवालदिल झाले. नंतर तपासणीत कळलं, त्या काकड्यांवरचा बॅक्टेरिया वेगळाच होता.

मग संशोधकांनी शक्कल लढवली. पेशंटच्या आठवणीवर न विसंबता एका रेस्टॉरंटमधली बिलं आणि ग्राहकांनी काढलेले फोटो तपासले, शेफकडून रेसिपी घेतल्या. मोड आलेलं धान्य खाल्लेल्यांना आजाराचा धोका सुमारे नऊपट निघाला. सॅलडवर चिमूटभर भुरभुरलेले मोड कुणाच्या लक्षात राहणार? माग पुढे इजिप्तहून आलेल्या बियांपर्यंत गेला. कसल्या बिया माहितीय? मेथीच्या! तोवर सुमारे चार हजार लोक आजारी पडले होते, पन्नासहून अधिक दगावले.

मोडांमध्येच हे का होतं? साधं आहे. मोड यायला ऊब आणि ओलावा लागतो. बॅक्टेरियालाही तेच हवं असतं. बीच्या बारीक भेगेत तो लपला असेल, तर फडक्यात बांधलेल्या त्या एक-दोन दिवसांत तो झपाट्याने वाढतो. वरून कितीही धुतलं तरी आतला जात नाही. वास, रंग, चव, कशातही फरक कळत नाही.

म्हणून मोड सोडून द्यायचे का? छे! आपल्या आज्या मटकीची उसळ शिजवूनच करतात. तेच करा, चांगली वाफ काढून नीट शिजवा. फळं, काकडी, टोमॅटो चिरण्याआधी वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा, कारण सालीवरचे जंतू सुरीबरोबर आत जातात. साबण मात्र नको. कॉलेजच्या गेटवर कधीची कापून ठेवलेली फ्रूट प्लेट घेण्यापेक्षा सरळ दोन केळी घ्या. त्यांचं पॅकिंग निसर्गानेच केलंय.

आणि घरात लहान भावंडं, आजी-आजोबा किंवा गरोदर वहिनी असेल, तर कच्चे मोड त्यांच्या ताटात वाढूच नका. तुमचं पोट कदाचित निभावून नेईल. त्यांना ते जड जाऊ शकतं.