चकाकतं, पण काळं दिसत नाही

काळ्या गाडीला मशीन पॉलिश झालं की मालक बोनेटमध्ये आपला चेहरा बघतो आणि खूश होतो. कारागीर चेहरा बघत नाही. तो हातातला एलईडी दिवा तिरका धरतो आणि दिव्याच्या प्रतिबिंबाच्या कडा बघतो. ठिपका लखलखीत असतो, पण कधी कधी त्याच्याभोवती एक करडा पसारा दिसतो. चष्मा सदऱ्याच्या टोकाने पुसल्यावर काचेवर राहतो तसा पातळ धूर. रंग चकाकतो, पण काळा दिसत नाही. या धंद्यात त्याला हेझ म्हणतात, आणि काम संपलं असं वाटत असतानाच तो समोर येतो.

भोसरी एमआयडीसीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये मी हे काम बघत होतो. समोर काळी सेडान होती. धुलाईच्या फडक्यांनी पडलेले गोल ओरखडे काढण्यासाठी बोनेटवर कंपाउंड आणि मायक्रोफायबरचा कटिंग पॅड फिरवून झाला होता. जुने ओरखडे गेले होते, त्यांच्या जागी हा धूर आला होता.

तो येतो कुठून, हे समजायला रंगाचे थर लक्षात घ्यावे लागतात. पत्र्यावर आधी गंजरोधक थर, मग प्रायमर, मग रंगाचा बेसकोट आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअरकोट. कारखान्यातून आलेल्या गाडीवर हे सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतं. त्यात क्लिअरकोटचा वाटा बहुधा ३५ ते ५० मायक्रॉन. पॉलिशचं सगळं काम या वरच्या थरात चालतं. पॉलिश ओरखडा भरत नाही. ओरखड्याच्या आजूबाजूचा क्लिअरकोट झिजवून पृष्ठभाग त्याच्या तळाशी आणतं. म्हणजे मोठे ओरखडे काढण्यासाठी आपण लहान ओरखडेच पाडत असतो. ते इतके लहान झाले की प्रकाशाला अडखळायला जागा उरली नाही, तर त्याला आपण चमक म्हणतो. थोडे मोठे राहिले, तर डोळ्याला एकेक रेघ दिसत नाही, पण सगळ्या मिळून प्रकाश विखुरतात आणि काळ्याचा करडा होतो. पांढऱ्या गाडीवरही तेवढेच ओरखडे असतात. पण पांढरा रंग मुळातच सगळीकडे प्रकाश फेकत असतो, त्यामुळे ते खपून जातात.

मदतनीस पोरगा मऊ फोमचा पॅड घेऊन कारागिराकडे आला. "दादा, डायरेक्ट हा लावू का?"

"थांब. आधी पुसून बघ. रंगात आहे का रंगावर, ते तरी कळू दे."

निदानाची पहिली पायरी हीच. कंपाउंडमध्ये अपघर्षक कणांबरोबर तेलंही असतात. त्यांचा पातळ थर मागे राहिला की दोन्ही बाजूंनी फसवणूक होते. कधी तो स्वतःच धुरकट दिसतो आणि माणूस नसलेल्या ओरखड्यांमागे लागतो. कधी तो खरे ओरखडे झाकतो. गाडी शेडमधून झकास बाहेर पडते आणि चार धुलायांनंतर धूर वर येतो. म्हणून आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात पातळ करून, दहा-पंधरा टक्क्यांच्या आसपास ठेवून, पॅनेलवर फवारायचं आणि स्वच्छ मायक्रोफायबरने हलक्या हाताने पुसायचं. पुसल्यावर धूर गेला तर ते तेल होतं. या बोनेटवर तो गेला नाही, उलट जरा ठळक झाला. म्हणजे तो रंगात होता.

दुसरी पायरी म्हणजे दिवा फिरवून खुणांची दिशा बघणं. शेडमधल्या ट्यूबलाइटचा इथे काही उपयोग नाही. लांबट, पसरट उजेडात सगळंच गुळगुळीत दिसतं. उजेड एका बिंदूतून यावा लागतो, सूर्यासारखा किंवा हातातल्या एलईडीसारखा. मग खुणा बोलू लागतात. रोटरी मशीनचा पॅड एकाच अक्षावर फिरतो. तो जरा कलता धरला, किंवा लोकरी बफ लावून वर बारीक पॉलिश केलंच नाही, तर हात जिकडे गेला तिकडे पट्टे उठतात आणि उन्हात गाडीबरोबर सरकताना दिसतात. ते होलोग्राम. ड्युअल अॅक्शन मशीनचा पॅड फिरता फिरता डोलतोही, १५ किंवा २१ मिलिमीटरच्या झोक्याने. त्याच्या खुणा कुठल्याच दिशेला धरून नसतात. सगळीकडे सारखा धूर दिसतो. आणि धूर सरळ रेघांत असेल, पुसणाऱ्या हाताच्या रेघेत, तर मशीनला दोष देण्याआधी फडकं तपासावं. फडक्याची परीक्षा सोपी आहे. स्वच्छ झालेल्या चौकोनावर तेच फडकं पुन्हा एकदा फिरवायचं आणि दिवा धरायचा.

बोनेटवर दिशा नव्हती. म्हणजे ड्युअल अॅक्शनचा धूर. पण त्याचीही कारणं अनेक. पॅड भरलेला असेल, क्लिअरकोटला मानवत नसेल, कंपाउंड अर्धवट किंवा गरजेपेक्षा जास्त चालवलं असेल, दाब जास्त पडला असेल, पॅनेल तापलं असेल. यातलं कुठलं, हे नुसतं बघून सांगता येत नाही. पोराला मऊ पॅडबरोबर बारीक पॉलिशही घ्यायचं होतं. दादाने दोन्ही बाजूला ठेवायला लावलं. "दोन्ही एकदम बदललंस आणि धूर गेला, तर कशानं गेला ते कसं कळणार? उरलेल्या गाडीवर काय करशील मग?"

त्याने बोनेटच्या एका कोपऱ्यात मास्किंग टेपने हातभर लांबीरुंदीचे चौकोन पाडले.

पहिल्या चौकोनात कंपाउंड तेच, पॅडचा प्रकारही तोच, फक्त पॅड नवा. काम झाल्यावर धूर कमी झाला, पण गेला नाही. जुना पॅड उलटा करून दाखवला तेव्हा तंतूंमध्ये राखाडी लगदा चिकटलेला होता. घासला गेलेला क्लिअरकोट, वाळलेलं कंपाउंड आणि निकामी कण यांचा हा गोळा पुढच्या पॅनेलवर स्वतःच ओरखडे पाडतो. दर पॅनेलनंतर पॅडवर कॉम्प्रेसरची हवा मारायची किंवा ब्रश फिरवायचा, हा नियम सगळ्यांना पाठ असतो. घाई असली की पहिल्यांदा तोच सुटतो.

दुसऱ्या चौकोनात कंपाउंड तेच, पण मायक्रोफायबरऐवजी फोमचा पॅड. धूर बराच उतरला. म्हणजे या क्लिअरकोटला मायक्रोफायबरचे तंतूच बोचत होते. सगळे क्लिअरकोट सारख्या कडकपणाचे नसतात. २००३ मध्ये मर्सिडीज-बेंझने ओरखडे कमी पडावेत म्हणून नॅनोकणांचा क्लिअरकोट आणला. तसल्या कडक थरावर तोच पॅड सहज चालून जातो. काही काळ्या गाड्यांचे क्लिअरकोट मात्र इतके मऊ असतात की कोरडं फडकंही खूण सोडतं. कोणती गाडी कडक आणि कोणती मऊ याच्या याद्या कारागिरांच्या तोंडी असतात, पण खरं उत्तर टेपच्या चौकोनातच मिळतं.

तिसऱ्या चौकोनात आधी नव्या मायक्रोफायबर पॅडने कंपाउंड मारलं, ते पुसून मध्यम मऊ फोम आणि बारीक पॉलिश घेतलं. मशीनचा वेग कमी, हात हळू, सेकंदाला साधारण एक इंच. शेवटच्या फेऱ्यांत दाब जवळजवळ काढून घेतला. मशीनचं वजनच पुरे. पुसलं, अल्कोहोल मारलं, दिवा धरला. ठिपक्याची कड धारदार आणि बाजूचा काळा खरोखर काळा.

चौथा चौकोन पोराच्या मूळ बेतासाठी ठेवला होता. धुरकट भागावर थेट सर्वांत मऊ पॅड आणि बारीक पॉलिश. निम्मा धूर तसाच राहिला. हेझ दिसला की हात आपसूक सर्वांत मऊ गोष्टीकडे जातो. पण कंपाउंडने पाडलेल्या खुणेची खोली त्या पॅडच्या आवाक्यात असेलच असं नाही. मधली पायरी गाळली की वरची पायरी कितीही वेळ केली तरी पोचत नाही.

फेऱ्या किती माराव्यात, याचं उत्तर बाटलीवर अवलंबून असतं. काही पॉलिशमधले अॅल्युमिनाचे कण काम करता करता फुटून बारीक होतात. तिथे लवकर थांबलात तर कण अजून जाड असतात आणि धूर राहतो; फार वेळ चाललात तर ओलावा संपतो आणि कोरडा पॅड घासत बसतो, पुन्हा धूर. दुसऱ्या प्रकारात कण पहिल्यापासूनच बारीक आणि एकसारखे असतात, ते फुटण्याची वाट बघायची नसते. तिथे खूण ठरते ती मुख्यतः पॅडवरून. म्हणून "अजून दोन फेऱ्या मार" हा सल्ला एका बाटलीला औषध ठरतो आणि दुसरीला उपद्रव.

दाबाचीही अशीच गोम आहे. ड्युअल अॅक्शनवर जोर दिला की पॅडचं फिरणं बंद पडतं आणि तो जागच्या जागी नुसता थरथरतो. विशेषतः फेंडरच्या गोलाईवर हे होतं. बॅकिंग प्लेटच्या कडेवर मार्करने एक रेघ ओढलेली असली, की पॅड फिरतोय की नाही हे चालू कामात दिसतं. दादाच्या मशीनवर ती होती. एप्रिलच्या दुपारी पत्र्याखाली काळं बोनेट इतकं तापतं की हात टेकवत नाही. अशा पत्र्यावर पॉलिश काम करण्याआधीच वाळून पीठ होतं. शेडमध्ये काळ्या गाड्या सकाळी लवकर घेतात, त्याचं कारण हेच.

बोनेट मार्गी लागलं. उजव्या फेंडरवर मात्र तीच कृती चालेना. जाडीमापक बोनेटवर ११० ते १२० मायक्रॉन दाखवत होता, फेंडरवर २४०. म्हणजे फेंडर कधीतरी गॅरेजमध्ये पुन्हा रंगवला होता. मालकाला विचारल्यावर कळलं, अपघातानंतर काही आठवड्यांपूर्वीच. इथे निदानाची दिशाच बदलते. कारखान्यात रंग सुमारे १४० अंश सेल्सियसला भाजला जातो. गॅरेजच्या बूथमध्ये दोन घटकांचा क्लिअर ६० अंशांच्या आसपास, आणि बूथ नसेल तर हवेवरच वाळतो. तो पुढेही बरेच दिवस घट्ट होत राहतो. आत अडकलेला थिनर हळूहळू निघतो, तसा पृष्ठभाग किंचित बसतो आणि चमक पुन्हा उतरते. त्याला डायबॅक म्हणतात. आज पॉलिश करून आरसा केला तरी महिन्याने तो धूसर होऊ शकतो. पावसाळ्यात चटकन उडणारा थिनर वापरून मारलेल्या लॅकरवर दुधाळ पांढरेपणाही येतो, कारण उडणारा थिनर पृष्ठभाग थंड करतो आणि हवेतली वाफ त्यावर बसते. तो धूर आतला असतो. वरून घासून तो निघत नाही.

काही धूर कशानेच जात नाही. वर्षानुवर्षांच्या उन्हाने क्लिअरकोटला सूक्ष्म तडे गेले असतील, तर पॉलिश फक्त उरलेला थर कमी करतं. आकड्यालाही मर्यादा आहे. साधा जाडीमापक सगळ्या थरांची मिळून जाडी सांगतो, त्यात क्लिअरकोट किती हे सांगत नाही, आणि प्लास्टिकच्या बंपरवर तर तो मुकाच असतो. म्हणून बंपरवर आणि दरवाज्यांच्या धारांवर, जिथे थर मुळातच पातळ बसतो, हलका धूर ठेवून थांबणं हाही एक निर्णय असतो.

दादाने फेंडर हलक्या पॉलिशवर सोडला. "साहेब, हा आत्ता ओढून चमकवला तर तुम्ही खूश व्हाल, आणि दोन महिन्यांनी मलाच शिव्या द्याल," असं त्याने मालकाला सांगितलं. सिरॅमिक कोटिंगही फेंडर सोडून बाकी गाडीलाच करायचं ठरलं. घट्ट होत असलेल्या रंगावर कोटिंग चढवायची घाई नको म्हणून. जॉबकार्डवर बोनेटपुढे दोन्ही पॅड आणि दोन्ही पॉलिशची नावं लिहिली गेली, फेंडरपुढे जाडीचा आकडा आणि नंतर पुन्हा बघायचं असा शेरा. कोपऱ्यातल्या चार चौकोनांना अर्ध्या तासाच्या आसपास वेळ लागला होता. उरलेली गाडी कशी करायची, हे त्या अर्ध्या तासात ठरलं होतं.