टेराहर्ट्झ लहर लेझरने कशी पकडतात?

‘रेडिएशन’ म्हटलं की घरात काळजी सुरू होते. पण दिव्याचा उजेडही रेडिएशनच आहे. प्रश्न असतो तो कुठल्या लहरीचा आणि किती ताकदीचा. मायक्रोवेव्ह आणि इन्फ्रारेड यांच्या मधोमध टेराहर्ट्झ लहरींचा पट्टा आहे. या लहरी कागद, कापड आणि प्लास्टिकमधून आरपार जातात, धातूवरून मात्र परत फिरतात. एक्स-रे अणूतले इलेक्ट्रॉन उखडून काढतो, तेवढी ताकद यांच्यात नाही.

मग अडचण कुठे आली? पकडण्यात. १ टेराहर्ट्झ म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी कंपनं. नेहमीच्या इलेक्ट्रॉनिक सर्किटला हा वेग झेपत नाही. यावर उपाय निघाला तो लेझरमधून. अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये डेव्हिड ऑस्टन यांनी १९७५ च्या सुमारास लेझरच्या झोताने चालणारा अतिवेगवान स्विच तयार केला. पुढे त्यातूनच टेराहर्ट्झचे अँटेना आले.

रचना तशी साधी आहे. गॅलियम आर्सेनाइड या सेमीकंडक्टरच्या चकतीवर धातूच्या दोन पट्ट्या आणि मधे केसाच्या जाडीपेक्षाही लहान फट. अंधारात या फटीतून वीज जवळपास वाहत नाही. लेझरचा अतिशय छोटा झोत पडला की तिथले इलेक्ट्रॉन क्षणभर मोकळे होतात, म्हणजे दार उघडतं. नेमकी त्याच क्षणी टेराहर्ट्झ लहर तिथे पोचली, तर तिचं विद्युत क्षेत्र इलेक्ट्रॉनना ढकलतं आणि बारीकसा करंट मिळतो. बाहेरून बॅटरी लावावी लागत नाही, ढकलण्याचं काम लहरच करते. लहर जेवढी जोरदार तेवढा करंट जास्त, आणि तिची दिशा उलटली की करंटही उलटा. दार एक पिकोसेकंदाच्या आत, म्हणजे सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाच्या आत, बंद व्हावं म्हणून ही चकती मुद्दाम कमी तापमानाला वाढवलेली असते.

एका झोतात लहरीचा एकच बिंदू कळतो. म्हणून लेझरच्या वाटेतला आरसा थोडा थोडा सरकवतात. आरसा ०.१५ मिलिमीटर मागे गेला की प्रकाशाला जाता-येता ०.३ मिलिमीटर जास्त अंतर पडतं, आणि झोत एक पिकोसेकंद उशिरा पोचतो. असे बिंदू जोडत गेलं की पूर्ण लहर कागदावर उतरते.

याचा फायदा काय? औषधाची गोळी न फोडता तिच्यावरच्या थराची जाडी मोजता येते. मात्र पाणी या लहरी शोषून घेतं आणि आपल्या शरीरात पाणी भरपूर. त्यामुळे टेराहर्ट्झने पोटातलं, हाडातलं दिसतं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. उमराहला जाताना काही विमानतळांवर हात वर करून ज्या स्कॅनरमध्ये उभं राहावं लागतं, ते बहुतेक याहून कमी कंपनांच्या मिलिमीटर लहरींवर चालतात. त्यात हा लेझरचा अँटेना नसतो.

बारावी सायन्सच्या मुला-मुलींनी एवढं जरूर लक्षात ठेवावं: ज्या वेगापुढे सर्किट हरलं, तिथे प्रकाशाचाच स्विच करून माणसाने मार्ग काढला.