विमानाला उचलणारा आकडा: लिफ्ट कोइफिशंट म्हणजे नेमकं काय?

मुंबईहून जिद्दाला जाणारं विमान असो की दिल्लीला, उतरायच्या थोडं आधी खिडकीजवळ बसलेल्या मुलाला एक गंमत दिसते. पंखाच्या मागच्या कडेतून रुंद पत्रे हळूहळू बाहेर सरकतात आणि खाली झुकतात. "अब्बू, पंखाला काय झालं?" असं मूल हमखास विचारतं. "काही नाही, उतरतोय आपण," एवढं सांगून आपण मोकळे होतो. पण या प्रश्नाचं खरं उत्तर एका छोट्या आकड्यात आहे. त्याचं नाव लिफ्ट कोइफिशंट, मराठीत उचल गुणांक म्हणू या.

इंजिनिअरिंगकडे किंवा पायलटच्या प्रशिक्षणाकडे वळलेली मुलं हा आकडा सूत्रातलं एक अक्षर म्हणून पाठ करतात. परीक्षेत गुणही मिळतात. पण तो आकडा काय सांगतो, असं विचारलं की गप्प होतात. म्हणून आज आपण तो सावकाश समजून घेऊ.

सूत्रात कोण काय करतं?

सूत्र असं आहे:

लिफ्ट = ½ × हवेची घनता × वेगाचा वर्ग × पंखाचं क्षेत्रफळ × लिफ्ट कोइफिशंट

लिफ्ट म्हणजे विमानाला वर उचलून धरणारं बल. आता उजवीकडची एकेक गोष्ट पाहा. घनता आणि वेग मिळून येणाऱ्या हवेचा जोर ठरतो. वेग दुप्पट झाला तर हा जोर चौपट होतो, कारण वेगाचा वर्ग घेतला आहे. क्षेत्रफळ म्हणजे हा जोर झेलायला किती जागा आहे ते.

पण या तिन्ही गोष्टींना पंख कसा आहे याची काहीच खबर नसते. तेवढ्याच क्षेत्रफळाचा घराचा दरवाजा त्याच वेगाने नेला तर तो पंखाइतकी उचल देणार नाही. पंखाचा बाक, त्याची जाडी, हवेशी धरलेला कोन, बाहेर काढलेले पत्रे, या सगळ्यांचा एकत्र हिशेब ज्या आकड्यात येतो तो लिफ्ट कोइफिशंट. घर्षण गुणांकासारखंच यालाही एकक नाही. त्यामुळे चिमुकला नमुना आणि भलंमोठं विमान एकाच तराजूत तोलता येतं.

विमान एकच, आकडे दोन

आपल्याकडे रोज दिसणारं एअरबस ए-320 घ्या. पंखाचं क्षेत्रफळ सुमारे 122 चौरस मीटर. वजन 60 टन धरू. सरळ उडत असताना लिफ्ट वजनाइतकीच असायला हवी.

साधारण 35,000 फुटांवर हवा विरळ असते, घनता घनमीटरला 0.38 किलोच्या आसपास. पण वेग सेकंदाला सुमारे 230 मीटर. हिशेब केला की कोइफिशंट येतो 0.47 च्या जवळपास.

उतरताना खाली हवा दाट, घनता 1.225. वेग मात्र सेकंदाला 70 मीटर, म्हणजे ताशी अंदाजे 250 किलोमीटर. आता कोइफिशंट लागतो 1.6. म्हणजे तिपटीहून जास्त!

समजा पंखाने 0.47 वरच राहायचं ठरवलं, तर उतरताना ताशी सुमारे 465 किलोमीटरचा वेग ठेवावा लागेल. एवढ्या वेगाला कुठली धावपट्टी पुरणार? म्हणून वेग कमी करताना कोइफिशंट वाढवावा लागतो. मुलाला दिसलेले ते पत्रे हेच काम करतात. त्यांना फ्लॅप म्हणतात. ते पंखाचा बाक वाढवतात, थोडं क्षेत्रफळही वाढवतात.

हा आकडा मोजला कोणी?

जर्मनीच्या ओटो लिलिएंथालने पंखांवर प्रयोग करून 1889 मध्ये पुस्तक छापलं. त्याच्या आकड्यांवर विसंबून अमेरिकेतल्या राईट बंधूंनी 1901 साली ग्लायडर बांधलं. हिशेबाच्या मानाने त्याने जेमतेम एक तृतीयांश उचल दिली.

दोघा भावांचं सायकलचं दुकान होतं, कॉलेजचं शिक्षण नव्हतं. पण त्यांनी नेमका प्रश्न विचारला: चूक पंखाच्या आकड्यात आहे की सूत्रातल्या दुसऱ्या कुठल्या आकड्यात? त्या काळच्या सूत्रात हवेच्या दाबाचा म्हणून एक वेगळा स्थिरांक असे. तो 0.005 धरायची जुनी वहिवाट होती. त्यांना तो 0.0033 च्या आसपास सापडला. म्हणजे दीडशे वर्षांच्या आसपास लोक फुगवलेल्या आकड्याने हिशेब करत होते.

मग त्यांनी सहा फूट लांबीची लाकडी पेटी केली, एका टोकाला पंखा लावला आणि आत छोटे पंख ठेवून तपासले. तराजू बनवला करवतीची पाती आणि सायकलच्या आऱ्यांची तार वापरून. सुमारे 200 आकार तपासले. 1902 चं ग्लायडर या मोजमापांवर बांधलं, पंख आधीपेक्षा लांब आणि अरुंद केले. 17 डिसेंबर 1903 रोजी त्यांचं इंजिनाचं विमान उडालं. पहिलं उड्डाण 12 सेकंदांचं होतं, पण त्यामागे वर्षांची मोजणी होती.

कोन वाढवा, पण हद्दीत

अनेक ठिकाणी मुलांना शिकवतात की पंखाच्या वरची हवा लांबचा रस्ता कापते, खालच्या हवेला गाठायला ती जोरात धावते, म्हणून उचल मिळते. हे बरोबर नाही. वरची हवा जोरात जाते हे खरं, पण तिला खालच्या हवेसोबत पोहोचायचं काही बंधन नसतं. कसरतीची विमानं उलटीही उडतात. कारण पंख हवेला खाली वळवतो, आणि किती वळवतो ते बऱ्याच अंशी हवेशी धरलेल्या कोनावर ठरतं. कोन एक अंश वाढला की कोइफिशंट सुमारे 0.1 ने वाढतो.

पण ही वाढ कायम नाही. साध्या पंखाला 15 अंशांच्या आसपास हद्द येते. त्यापुढे वरची हवा पंखाला चिकटून वाहत नाही, सुटून भोवरे होतात आणि कोइफिशंट घसरतो. याला स्टॉल म्हणतात. गाडीचं इंजिन बंद पडतं तसा हा प्रकार नाही. इंजिन व्यवस्थित चालू असतानाही स्टॉल होतो.

1 जून 2009 रोजी रिओहून पॅरिसला निघालेल्या एअर फ्रान्सच्या 447 क्रमांकाच्या विमानाचं असंच झालं. वेग मोजणाऱ्या नळ्या बर्फाने बुजल्या, ऑटोपायलट सुटला. गोंधळात विमानाचं नाक वर खेचलं गेलं. विमान 38,000 फुटांपर्यंत चढलं, वेग गेला, स्टॉल झाला. इशारा वाजत होता, इंजिनं चालू होती. नाक वर होतं पण विमान खाली कोसळत होतं, म्हणून हवा खालून येत होती आणि पंखाचा तिच्याशी कोन 35 अंशांच्या वर गेला होता. अशा वेळी नाक खाली करून कोन कमी करणं हाच इलाज. तो झाला नाही. 228 माणसं गेली. पायलटसमोर हा कोन थेट दाखवणारं यंत्र नव्हतं. असं यंत्र सक्तीचं करावं का याचा विचार व्हावा, असं चौकशी अहवालाने सुचवलं.

घरी करून पाहा

पालकांनो, सूत्र पाठ झालं म्हणून मूल पुढे गेलं असं समजू नका. त्याला आकडे घालायला लावा. हा हिशेब द्या: तेच 60 टनांचं ए-320, कोइफिशंट 1.6, पण बाहेर 45 अंशांचा उन्हाळा. तापलेली हवा विरळ होते, घनता 1.11 धरा. आता किती वेग लागेल?

उत्तर सेकंदाला 73 ते 74 मीटर यायला हवं. मग पुढचा प्रश्न विचारा: विदर्भातल्या मे महिन्यातल्या दुपारी विमानाला धावपट्टी जास्त का लागते? हे उत्तर मुलाने स्वतःच्या शब्दांत दिलं, तर आकडा त्याला समजला.